टेम्पोमालकाचे ८०,००० रुपये घ्यावेत की भरपाईचा दावा दाखल करावा?

आपण लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. आपले वय ३४ वर्षे असून तासगाव भागात विहिरींवरच्या मोटारी काढणे, बसवणे आणि त्यांचे रिवाइंडिंग करणे हा आपला स्वतःचा व्यवसाय आहे. दोन महिन्यांपूर्वी सांगलीहून परतताना ओव्हरटेक करत समोरून आलेल्या टेम्पोने आपल्या दुचाकीला धडक दिली, उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली आणि शस्त्रक्रिया करून आत रॉड टाकावा लागला. रुग्णालयाचे बिल २,४०,००० रुपये झाले व त्यापैकी १,५०,००० रुपये आपल्या मेडिक्लेममधून मिळाले. फिर्याद चौथ्या दिवशी नोंदली गेली. डोक्यावर हेल्मेट नव्हते. आता शेजारच्याच गावचे असलेले टेम्पोमालक ८०,००० रुपये देऊन, ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही’ असे स्टॅम्प पेपरवर लिहून मागत आहेत आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे सांगत आहेत. अशा वेळी दावा करावा की विषय मिटवावा, असे आपण विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे मोटार अपघाताचे दावे चालवतो. त्यातील पहिली सहा वर्षे मी विमा कंपनीच्या बाजूने उभा राहत होतो आणि त्यानंतर अर्जदारांच्या बाजूने काम करत आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो त्यात दोन्हीकडचा अनुभव आहे. आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत असे आहे की त्या कागदावर आत्ता सही करू नये आणि दावा दाखल करावा. मात्र दोन गोष्टी मला ठाऊक नाहीत आणि त्यांच्यावर बरेच अवलंबून आहे. अपघाताच्या दिवशी टेम्पोचा विमा चालू होता का, ही पहिली. आणि आपला पाय शेवटी कितपत पूर्ववत होणार, ही दुसरी. त्यातली पहिली आज कळू शकते. दुसरी कळायला आणखी काही महिने लागतील, आणि नेमक्या याच अवस्थेत आपल्याकडून कायमचा निर्णय लिहून मागितला जात आहे. आपली खरी अडचण मला ही वाटते.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. बांधाच्या आणि वाटणीच्या भांडणांत दोन घरे दोन पिढ्या कशी झिजतात हे त्यांनी पाहिलेले असते. परंतु मोटार अपघाताचा दावा त्या जातीचा नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो नेमका आपल्यासारख्या जखमी माणसासाठीच असतो. दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांची नावे घालावी लागतात, म्हणून तो गावकीतला वाद दिसतो. प्रत्यक्षात पॉलिसी चालू असेल आणि चालकाचा परवाना व वाहनाची कागदपत्रे ठीक असतील, तर निकालाची रक्कम विमा कंपनी भरते. टेम्पोमालकांच्या घरातून एक रुपयाही जात नाही, उलट त्यांनी दरवर्षी भरलेल्या हप्त्याचा उपयोग होतो. पॉलिसीची मुदत वाहन क्रमांकावरून परिवहन विभागाच्या ॲपवर दिसते आणि पॉलिसीची प्रत पोलिसांच्या कागदपत्रांतही असायला हवी. ही तपासणी दोन दिवसांचे काम आहे.

मग मालक स्वतःच्या खिशातून ८०,००० रुपये द्यायला का तयार आहेत, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेला दिसत नाही. कारण अगदी साधे असू शकते: शेजारच्या गावचा माणूस जखमी झाला याचे त्यांना खरेच वाईट वाटत असेल, किंवा गुन्हा मागे घेतला जाईल अशी त्यांची समजूत असेल. ती समजूत चुकीची आहे. गुन्हा नोंदला गेल्यावर खटला सरकारतर्फे चालतो आणि स्टॅम्प पेपरने तो संपत नाही. पण दुसरेही कारण असू शकते. चालकाकडे वैध परवाना नसेल किंवा पॉलिसीच्या अटींचा तसाच भंग झाला असेल, तर न्यायाधिकरणे (म्हणजे मोटार अपघाताचे दावे चालवणारी न्यायालये) बहुधा विमा कंपनीने आधी जखमीला रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी असा आदेश देतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंह प्रकरणात हा मार्ग स्पष्ट केला. त्यात आपले पैसे सुरक्षित राहतात, मालक मात्र अडचणीत येतात. तेव्हा चालकाच्या परवान्याची चौकशी अवश्य करावी, कारण त्यावरून समोरच्याची घाई कशासाठी आहे हेही कळेल. विमाच नसेल, तर गोष्ट बदलते. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता पायाकडे वळतो, कारण दाव्याची बरीचशी किंमत तिथेच ठरते. बिल भागले म्हणजे नुकसान भरून निघाले असे लोक समजतात. आपल्या प्रकरणात बिल हा लहान भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सांगितले की वैद्यकीय प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्यात उदाहरण दिले आहे ते डावा हात गमावलेल्या माणसाचे: तो वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ संपते, पण सरकारी कार्यालयातील कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते. आपला व्यवसाय या कसोटीवर पाहा. उकिडवे बसून मोटार उघडणे, लोखंडी शिडीने विहिरीत उतरणे, चिखलात उभे राहून पाइप ओढणे ही आपली रोजची कामे आहेत. गुडघ्याची किंवा घोट्याची हालचाल थोडी जरी कमी राहिली, तरी ज्या माणसाला खुर्चीत बसून काम करायचे आहे त्याच्यापेक्षा आपले नुकसान कितीतरी जास्त आहे. हे न्यायाधिकरणाला आपोआप कळत नाही. ते साक्षीत तपशिलाने सांगावे लागते.

आकडे मांडून दाखवतो, म्हणजे ८०,००० रुपये कशाच्या बदल्यात मिळत आहेत हे लक्षात येईल. समजा आपली मासिक कमाई २०,००० रुपये सिद्ध झाली. प्रणय सेठी या २०१७ च्या निकालानुसार स्वयंरोजगार करणाऱ्या चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, आणि दुखापतीच्या दाव्यांतही ही वाढ धरली जाते. म्हणजे महिन्याला २८,००० आणि वर्षाला ३,३६,००० रुपये झाले. सरला वर्मा या २००९ च्या निकालातील तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ या वयोगटाला १६ हा गुणक (वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा) लागतो, त्याने ही रक्कम ५३,७६,००० रुपये होते. कमाईच्या क्षमतेत १५ टक्के घट मानली गेली तर केवळ या एका सदराखाली ८,०६,४०० रुपये होतात. उत्पन्नाचा पुरावा दुबळा ठरला आणि न्यायाधिकरणाने १२,००० रुपयेच धरले, तरी त्याच हिशेबाने ४,८३,८४० रुपये येतात. याशिवाय उपचारांचा खर्च, कामावर जाता न आलेल्या महिन्यांची कमाई, रॉड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा पुढील खर्च, वेदना आणि जगण्यातील गैरसोय ही सदरे वेगळी आहेत, आणि या रकमेवर दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज मिळू शकते.

यातील १५ टक्के हा आकडा मी समजण्यासाठी घेतला आहे. तो ५ असू शकतो, २५ असू शकतो, आणि पाय पूर्ण बरा झाला तर शून्यही असू शकतो. शून्य असेल तर आपला दावा उपचारांचा खर्च, बुडालेली काही महिन्यांची कमाई आणि वेदना यांपुरता राहील. त्या स्थितीतही माझ्या अंदाजाने तो ८०,००० रुपयांच्या वर जातो, कारण आपल्या पदरचेच ९०,००० रुपये रुग्णालयात गेले आहेत. मेडिक्लेमच्या १,५०,००० रुपयांवरही आपला हक्क संपत नाही. आपण हप्ते भरून घेतलेल्या मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. येथे एक व्यवहाराची सूचना करतो: मूळ बिले बहुधा मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील, तर त्यांच्या साक्षांकित प्रती आणि मंजुरीचे पत्र आत्ताच मागून घ्यावे. दोन वर्षांनी ती शोधताना फार त्रास होतो.

उत्पन्नाच्या पुराव्याबद्दल दोन शब्द. आपण आयकर विवरणपत्र भरत असल्याचा उल्लेख नाही. तरीही तांब्याच्या तारेच्या आणि बेअरिंगच्या खरेदीची बिले, गिऱ्हाइकांकडून यूपीआयने आलेल्या रकमांच्या नोंदी दाखवणारे बँकेचे उतारे, आपली बिलबुके, दुकानाचा परवाना किंवा भाडेकरार हे सर्व उपयोगी पडते. दोन-तीन द्राक्षबागायतदार गिऱ्हाइके साक्ष द्यायला तयार असतील तर फारच उत्तम. अपघातापूर्वीच्या वर्षाचे आणि नंतरच्या महिन्यांचे उतारे शेजारी ठेवले की कमाईत पडलेला खड्डा न्यायाधीशांना डोळ्यांनी दिसतो. विमा कंपनीकडे असताना माझी उलटतपासणी सर्वांत सोपी जात असे ती ‘महिना तीस-चाळीस हजार मिळतात’ असे म्हणणाऱ्या आणि त्यासाठी एकही कागद नसलेल्या अर्जदाराची. म्हणून आकडा जेवढा दाखवता येईल तेवढाच सांगावा, फुगवू नये.

हेल्मेटची आणि उशिरा झालेल्या फिर्यादीची आपल्याला काळजी वाटते. हेल्मेट न घालणे हा कायद्याचा भंग आहे आणि विमा कंपनी तो मुद्दा मांडेलच. परंतु भरपाई त्यामुळे कमी व्हायची असेल तर त्या चुकीचा दुखापतीशी संबंध दिसावा लागतो. आपल्या डोक्याला मार नाही, मोडला आहे तो पाय. फिर्यादीच्या उशिराबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात सांगितले आहे की अपघातानंतर माणूस आधी उपचारांकडे धावतो, आणि केवळ उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही. रुग्णालयाने पहिल्याच दिवशी केलेल्या एमएलसीच्या (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित रुग्णाच्या) नोंदीत ‘टेम्पोची धडक’ असे लिहिलेले असेल तर हा मुद्दा तिथेच मिटतो. तेथे ‘दुचाकी घसरून पडला’ असे लिहिले गेले असेल, तर मात्र प्रकरण अवघड आहे. पडल्या-धडपडल्या अवस्थेत नातेवाईक काहीतरी सांगतात आणि तेच पुढे वर्षानुवर्षे आपल्याविरुद्ध वाचले जाते. ती नोंद आणि घटनास्थळ पंचनामा या दोन कागदांच्या प्रती मिळवून वकिलाला सर्वांत आधी दाखवाव्यात. पंचनाम्यात वाहने रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती, ब्रेकच्या खुणा कुठे होत्या, यावरून चूक कोणाची हे बहुतेक ठरते.

मुदतीविषयी गावोगावी चुकीची माहिती आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. ‘अपघाताच्या दाव्याला मुदत नसते’ असे आपल्याला कोणी सांगितले असेल तर ते १९९४ पासून २०२२ पर्यंत खरे होते, कारण १९९४ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील मुदतीचे पोटकलम काढून टाकले होते. २०१९ च्या दुरुस्तीने त्या कायद्याच्या कलम १६६ मध्ये, म्हणजे ज्याखाली आपला दावा होतो त्या कलमात, सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे, पण त्या वादावर आपला दावा टांगून ठेवण्याचे काहीही कारण नाही. अपघाताच्या दिवसापासून सहा महिने मोजावेत आणि त्यातले दोन संपले आहेत असे धरावे. नव्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, व तो अहवालच दाव्याचा अर्ज मानता येतो. तो पाठवला गेला का याची चौकशी जरूर करावी, परंतु त्यावर विसंबून राहू नये. स्वतःचा अर्ज वेळेत दाखल करावा. आपण राहता त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो.

पाय बरा होण्याची वाट पाहावी तर मुदत जाते आणि मुदत पाळावी तर नुकसान किती हे ठाऊक नाही, असा पेच यात दिसतो. तो प्रत्यक्षात नाही. अर्ज आत्ता दाखल होतो आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र पुराव्याच्या वेळी, हाड नीट जुळल्यानंतर देता येते. रक्कम नंतर दुरुस्त करता येते, आणि न्यायाधिकरण मागणीपेक्षा जास्त भरपाईही देऊ शकते, हे नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या निकालात २००२ मध्येच ठरले आहे. स्टॅम्प पेपरवरच्या सहीला मात्र अशी दुरुस्ती नसते. तसा कागद दावा पूर्णपणे बंद करतोच असे नाही, पण विमा कंपनी तो पहिल्याच तारखेला पुढे करते आणि अर्जदाराची बाजू तिथून लंगडी होते. माझ्याकडे एक गवंडी आले होते. त्यांनी तिसऱ्या महिन्यात ६०,००० रुपये घेऊन असेच लिहून दिले होते. सातव्या महिन्यात रॉडच्या जागी जंतुसंसर्ग झाला आणि पुढे आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या. आम्ही दावा लढलो, काही रक्कम मिळालीही, पण त्या कागदामुळे तडजोडीच्या प्रत्येक बैठकीत त्यांना कमी घ्यावे लागले. त्या गृहस्थांनी सही करण्यापूर्वी कोणाला तरी एकदा विचारले असते तर किती बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

आणखी एक रस्ता आपल्यासमोर येऊ शकतो. त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली, चूक कोणाची हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीसाठी २,५०,००० रुपये मिळतात आणि हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. चूक आपलीही असल्याचे पंचनाम्यातून दिसत असेल, किंवा पाय पूर्ण बरा होण्याची चिन्हे असतील, तर हा मार्ग चांगला आहे. परंतु विमा कंपनीने देऊ केलेली ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. म्हणून कंपनीचा प्रस्ताव आला तर तो डॉक्टरांच्या मतासह तपासूनच उत्तर द्यावे.

दावा करण्याची किंमतही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माझ्या अनुभवात असा दावा निकालापर्यंत जायला तीन ते पाच वर्षे लागतात आणि अपील झाले तर त्याहून अधिक. या काळात आपल्याला स्वतः फार वेळा यावे लागत नाही. साक्ष आणि उलटतपासणीच्या तारखा महत्त्वाच्या, बाकी काम वकील पाहतात. खरी अडचण येते ती डॉक्टरांना साक्षीसाठी आणताना. केवळ प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही, शक्यतो ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्याच डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते, म्हणून त्यांच्याशी आत्तापासून बोलून ठेवावे. वकिलाच्या शुल्काबाबत स्पष्ट सांगतो की ‘निकालाच्या रकमेत इतके टक्के’ असा करार करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. रुग्णालयाच्या आवारात भेटून ‘सगळे आम्ही बघतो, निम्मे तुमचे’ म्हणणारे दलाल मी अनेक पाहिले आहेत. त्यांच्याकडे कोऱ्या कागदांवर सह्या देऊ नयेत. ठरलेले शुल्क लेखी घ्यावे आणि भरपाई थेट आपल्या बँक खात्यात जमा होईल असे पाहावे. शुल्क परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांच्यासह काही गटांना तेथे उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना आहे.

मी लोकांना दावा करू नका असेही सांगतो. गेल्या वर्षी एका शिक्षिकेचे मनगट मुरगळले होते, तीन आठवड्यांत त्या शाळेत रुजू झाल्या आणि रजेचा पगारही मिळाला होता. त्यांना मी औषधांचा खर्च मालकाकडून घेऊन थांबण्याचा सल्ला दिला. वाहनाला विमाच नसेल आणि मालकाकडे तो टेम्पो सोडून काही नसेल, तर मोठ्या रकमेचा निकाल हातात पडूनही वसुली होत नाही, आणि अशा वेळी समोरून येणारी वाजवी रक्कम घेणे शहाणपणाचे असते. आपल्या प्रकरणात पॉलिसी नसल्याचे निघाले तर मी ८०,००० रुपयांवर अडून न बसता वाटाघाटी करा असे म्हणेन, पण तीही न्यायाधिकरणासमोर किंवा लोकअदालतीत नोंदवून, घरच्या ओसरीवर नव्हे. अपघात कामावर जाताना एखाद्या मालकाच्या नोकरीत झाला असता तर वेगळ्या कायद्याचाही विचार करावा लागला असता. आपला व्यवसाय स्वतःचा असल्याने तो प्रश्न येत नाही.

तेव्हा पुढच्या पंधरा दिवसांत पॉलिसी व चालकाचा परवाना तपासावा, फिर्याद, पंचनामा, एमएलसी आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती घ्याव्यात, आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना थेट विचारावे की मला उकिडवे बसता आणि शिडी चढता येईल का. त्यांचे उत्तर केसपेपरवर लिहून घ्यावे. टेम्पोमालकांना टाळू नये. त्यांना घरी बोलावून सांगावे की आपला राग त्यांच्यावर नाही, दावा त्यांच्या विमा कंपनीकडून रक्कम मिळावी यासाठी आहे, आणि त्यांनी कंपनीला अपघाताची लेखी सूचना देऊन पॉलिसीची प्रत आपल्याला द्यावी. सहा-आठ महिन्यांनी पाय पूर्ण बरा झाला, तर हाच दावा लोकअदालतीत ठेवून मिटवता येईल. तेथे झालेल्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे पैसे लवकर मिळतात, आणि हिशेबाने येणाऱ्या रकमेच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास प्रस्ताव आला तर मी माझ्या अशिलांना तो बहुधा स्वीकारायला सांगतो. पाय अधू राहिला, तर मात्र डॉक्टरांची साक्ष झाल्याखेरीज कोणत्याही आकड्याला होकार देऊ नये.